अर्ध्या पानाचे व्रत

भाद्रपद शुद्ध चतुर्थी जवळ आली की गिरगावच्या वाड्यांना आणि चाळींना निराळेच तेज चढते. केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये सुरू झालेला सार्वजनिक उत्सव आजही त्या परिसराचे भूषण आहे. उत्सवाच्या निमित्ताने कीर्तनसेवेसाठी गिरगावात येण्याचा योग आम्हांस अनेकदा लाभला. दहा दिवस पहाटेचे स्नान, अथर्वशीर्षाची आवर्तने, आरती, सारे कसे यथासांग घडते. अनंत चतुर्दशीस मूर्तीचे विसर्जन होते आणि बहुतेकांचा नेमही तिच्यामागोमाग पाण्यात जातो!

शास्त्रकारांनी कर्माचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे भेद केले आहेत. उत्सव हे नैमित्तिक कर्म. ते वाजतगाजत येते. नित्यकर्माला वाजंत्री नाही. ते केल्याचे कौतुक होत नाही, टाळल्यास मात्र दोष लागतो. म्हणूनच ते सर्वांत कठीण. त्या नित्याचा अर्थ आपल्या आयुष्याने उलगडून दाखविणारे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे याच गिरगावात, आंग्रेवाडीत, राहत होते.

काण्यांचा जन्म १८८० चा, चिपळूणजवळच्या परशुराम परिसरातला. वडील दापोलीस वकिली करीत. शालेय शिक्षण दापोलीस, पुढचे मुंबईस विल्सन महाविद्यालयात. काही वर्षे सरकारी शाळेत अध्यापन केल्यावर, बढतीत अन्याय झाला म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि १९११ पासून मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली आरंभिली. पोटातील व्रणाच्या जुनाट विकाराने त्यांना दीर्घकाळ छळले. अशी प्रकृती, असा व्यवसाय. विद्याव्यासंगाला उरणार ती शिळीपाकी वेळ. त्या उरल्यासुरल्या वेळेचेच त्यांनी सोने केले.

नीलकंठभट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची त्यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९२६ मध्ये निघाली. तिला प्रस्तावना म्हणून धर्मशास्त्राचा संक्षिप्त इतिहास जोडावा, एवढाच मूळ संकल्प होता. ती प्रस्तावना वाढत गेली आणि तिचाच ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा इंग्रजी महाग्रंथ झाला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो प्रसिद्ध केला. पहिला खंड १९३० मध्ये आला, तेव्हा ग्रंथकार पन्नाशीत होते. पाचव्या खंडाचा अखेरचा भाग १९६२ मध्ये आला, तेव्हा ते ब्याऐंशी वर्षांचे होते. मधल्या काळात वकिली चालली, १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद झाले, पुढे राज्यसभाही झाली. लेखणी मात्र खाली ठेवली गेली नाही.

वाचकहो, आता थोडे गणित करू. पृष्ठे साडेसहा हजारांच्या घरात. १९२६ पासून १९६२ पर्यंत वर्षे छत्तीस, म्हणजे सुमारे तेरा हजार दिवस. दिवसाकाठी पडले अवघे अर्धे पान! काही दिवस पोथ्या धुंडाळण्यात, काही मुद्रिते तपासण्यात गेले असतील; पण सरासरी एवढीच. हे अर्धे पान आपणांपैकी कोणास अशक्य आहे? अशक्य वाटते ते उद्याचे, परवाचे आणि तेरा हजाराव्या दिवसाचे.

असा नेम केवळ ग्रंथ घडवीत नाही, माणूसही घडवितो. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या ब्राह्मण सभेच्या गणेशोत्सवात अस्पृश्य गणलेल्या बांधवांना दर्शनाची मुभा देण्याचा निर्णय झाला, आणि त्यावरून प्रकरण न्यायालयात गेले. काणे त्या निर्णयाच्या बाजूने ठाम राहिले. रोज शास्त्राच्या मुळाशी जाणाऱ्यास शास्त्राच्या नावाने केलेल्या कोलाहलाचे भय वाटत नाही.

भारतरत्न हा सन्मान त्यांना १९६३ मध्ये मिळाला; १९७२ मध्ये त्यांचा देह विसावला.

आमचे सांगावयाचे तर, घरच्या कपाटात अर्धवट टिपणांच्या वह्यांची चळत आहे. प्रत्येकीचा आरंभ कोणत्या ना कोणत्या चातुर्मासातला, आणि पंधरावीस पानांनंतर सारे कोरे. व्यासपीठावरून नित्यनेमाची महती गाताना त्या वह्या आम्हांस आठवतात आणि आवाज किंचित उतरतो. वयाची साठी उलटल्यावर मोठे संकल्प सोडण्याची उमेद नाही. म्हणून त्यांतली एकच वही बाहेर काढली आहे. दररोज अर्धे पान, एवढेच.

यंदा विसर्जनाहून परतताना आपणही एखादा लहानसा नेम घरी घेऊन यावा. चौरंग रिकामा होईल. त्या नेमाची जागा मात्र रिकामी होऊ नये.