लोणावळ्याची पहाट आणि पंधराचा वर्ग

आजचं वाचन: मार्क १:३५-३९ (सोबत स्तोत्रसंहिता १९:१-६ वाचा)



आजच्या वचनात प्रभु येशू अगदी पहाटे, अंधार असतानाच उठतो, एकांत जागी जातो आणि प्रार्थना करतो. हा भाग आपल्या सगळ्यांना आवडतो. मी तर कितीतरी युवा शिबिरांच्या पोस्टरवर डोंगर, उगवता सूर्य आणि खाली हेच वचन पाहिलं आहे. पण उतारा तिथे संपत नाही. शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत येतात, सगळे तुझी वाट पाहताहेत म्हणतात, आणि येशू उठून आसपासच्या गावांकडे निघतो. पोस्टरवर ३५ वं वचन असतं, ३९ वं कधीच नसतं.

या दोन्ही वचनांमधलं अंतर मला कळलं ते पंडिता रमाबाईंच्या चरित्रातून. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात हिवाळ्यात शिबिर होतं, तेव्हा शेकोटीजवळ मी मुलांना हीच गोष्ट सांगतो. पुण्या-मुंबईहून आलेली मुलं असतात. सागाचं रान, गवतावरचं दव, नेटवर्क नसलेली शांतता, सगळंच त्यांना नवं असतं. रमाबाईंचं नाव त्यांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्यांचं अर्धं आयुष्य उघड्या आभाळाखाली गेलं हे बहुतेकांना माहीत नसतं.

त्यांची गोष्ट त्यांच्या जन्माच्याही आधी रानातच सुरू होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचंच असं त्यांनी ठरवलं. त्या काळी हे कुणालाच पटणारं नव्हतं. गावात विरोध झाला, तेव्हा ते बायकोला घेऊन सह्याद्रीतल्या गंगामूळच्या जंगलात राहायला गेले. लक्ष्मीबाई तेव्हा लहान मुलगीच होती. पहिल्या रात्री डोक्यावर छप्पर नव्हतं. दरीपलीकडे वाघ डरकाळ्या फोडत होता, आणि ती पोर पासोडीत स्वतःला घट्ट गुंडाळून जमिनीवर थरथरत पडून होती. शास्त्रीबुवा उजाडेपर्यंत जागे राहिले. (पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरच्या जंगलात वाघ आहेत हे आमच्या मुलांना ठाऊक असतं, त्यामुळे गोष्ट इथवर आली की सगळे शेकोटीच्या जरा जवळ सरकतात!)

त्याच रानात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पण घर टिकलं नाही. येणारे विद्यार्थी, यात्रेकरू, पाहुणे सगळ्यांना जेवू घालता घालता वडिलांवर कर्ज झालं. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंबाने घर सोडलं. बाळाला वेताच्या पेटाऱ्यात ठेवलं, पेटारा एका माणसाच्या डोक्यावर दिला, आणि मंडळी डोंगर उतरली. पुढची कितीतरी वर्षं ही माणसं तीर्थयात्रा करत, देवळांत आणि धर्मशाळांत पुराणं सांगत पायी फिरत राहिली. आईला दिवसा वेळ नसायचा, म्हणून ती पहाटेच मुलीला लाडीगोडीने उठवायची आणि झाडांवर पाखरं किलबिलत असताना तिच्याकडून श्लोक पाठ करून घ्यायची. हजारो श्लोक असे पाठ झाले. पहाटे उठून देवाचं नाव घ्यायची सवय त्यांना आईने लावली होती. येशूची ओळख त्यानंतर फार वर्षांनी झाली.

आता इथे थांबूया. रान, पाखरं, आईचा आवाज, किती छान वाटतं ऐकायला! पण याच उघड्या आभाळाने या कुटुंबाला पुढे उपाशी मारलं. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. मागून खाण्याची सवय नव्हती, मजुरी करणं माहीत नव्हतं. जवळचं सगळं विकून झालं आणि ही मंडळी जंगलात शिरली. अकरा दिवस आणि अकरा रात्री त्यांनी पाणी, झाडाचा पाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं चालतच राहिली. काश्मीरकडे झेलमच्या काठी थंडीत अंगावर पांघरायला काही नव्हतं, तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि डोकं तेवढं बाहेर ठेवून अंगावर कोरडी वाळू ओढून झोपले.

म्हणून कुणी मला म्हणालं की निसर्गात गेलं की आपोआप देव भेटतो, तर मला रमाबाई आठवतात. त्यांच्याइतकं रानात कोण राहिलं असेल? त्या हिमालयापर्यंत चालल्या, नद्या, समुद्र, डोंगर पाहिले. पण या सगळ्याचा कर्ता आपल्यावर प्रेम करतो, हे त्यांना झाडांनी सांगितलं नाही. स्तोत्र १९ नीट वाचा. आकाश देवाचा महिमा सांगतं, हे पहिल्या सहा वचनांत आहे. सातव्या वचनापासून मात्र स्तोत्रकर्ता आकाश सोडून देवाच्या नियमशास्त्राकडे वळतो. कारण आकाश महिमा दाखवतं, नाव सांगत नाही.

ते नाव त्यांना हळूहळू कळलं. १८७८ मध्ये बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. भाऊ १८८० मध्ये वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर लग्न केलं. सिल्चरच्या त्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा पटकीने गेला. लहानग्या मनोरमाला घेऊन त्या पुण्याला आल्या, १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबरला वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत फिरून मदत जमवली आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

आणि मग आली लोणावळ्याची ती पहाट.

१८९६ साल. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर भरलं होतं. रमाबाई तिथे होत्या. एका पहाटे त्या रानात एकांत जागी गेल्या आणि सूर्य उगवताना पाहिला. माझ्या मनात येतं, सूर्योदय तर त्यांनी जन्मभर पाहिले होते. देवळाच्या पायरीवरून, नदीकाठच्या खड्ड्यातून, उपाशी पोटी. पण या वेळी उगवतीकडे पाहताना त्यांना अंधारात असलेली आपली माणसं आठवली. त्यांच्या सदनातल्या पंधरा मुलींनी तेव्हा येशूला स्वीकारलं होतं. रमाबाईंनी देवाकडे मागितलं की या संख्येचा वर्ग कर. पंधरा गुणिले पंधरा, म्हणजे दोनशे पंचवीस, आणि तेही पुढच्या वर्षीच्या शिबिराच्या आत. इतक्या मुलींना ठेवायला त्यांच्याकडे जागासुद्धा नव्हती.

उत्तर कसं आलं पाहा. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला. मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. बातम्या ऐकून रमाबाईंना आपलं स्वतःचं जंगल आठवलं, तो पाला, ती रानखजूर. त्या उठल्या आणि तिकडे गेल्या. हाडांचे सापळे झालेल्या, आजारी, कुणीच नसलेल्या मुली त्यांनी गोळा केल्या. सुमारे तीनशे! मागितलेल्या आकड्याच्याही पुढे. देवाने दुष्काळ पाठवला असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायची माझी छाती नाही. एवढंच म्हणतो की पहाटे ज्या मुली त्यांनी मागितल्या, त्या भुकेल्या, खरजेने भरलेल्या, घाबरलेल्या अशा आल्या, आणि रमाबाईंनी दार लावून घेतलं नाही.

तेवढ्यात पुण्यात प्लेगची साथ आली. दुष्काळातल्या मुलींना शहरात ठेवायला परवानगी मिळेना. दौंडच्या अलीकडे केडगावला रमाबाईंनी सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. फळबाग लावून सदनाचा खर्च भागवावा हा हेतू. आता त्याच माळावर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. ज्या मुक्ती मिशनचं नाव आज जगभर घेतात, ते सुरुवातीला एक शिबिरच होतं. फरक इतकाच की तीन दिवसांनी कुणी बॅगा भरून घरी जाणार नव्हतं. या मुलींना घरच नव्हतं. विहिरी खणल्या गेल्या, झाडं लागली, मुली शेतात राबू लागल्या, पुढे विणकाम आणि छापखानाही शिकल्या. खेड्यातल्या बाईला समजावं म्हणून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं. ते काम पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या.

आता आपल्याकडे येऊया. यवतमाळच्या शिबिरात आपण पहाटे उठतो, शेताच्या बांधावर बसून मनन करतो. समोर कापूस फुटलेला असतो, दवात चमकत असतो. मुलं फोटो काढतात. काढू देत, देवानेच ते सुंदर केलं आहे. पण त्याच बांधावरून शेतकरीही आभाळाकडे पाहतो, आणि त्याच्या पाहण्यात कर्ज असतं, बियाण्याचा खर्च असतो, मुलीची फी असते. शेतकरी आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर झालं, हे आपण शिबिरात विसरू शकत नाही. आभाळ एकच आहे. आपल्याला ते तीन दिवस पाहायचं असतं, त्याला त्याच्यावर वर्ष काढायचं असतं.

रमाबाई लोणावळ्याच्या रानातून दुष्काळाकडे गेल्या. प्रभु एकांत जागेतून गावांकडे गेला. पहाट खरी होती की नुसती छान वाटली, हे आपण त्यानंतर कुठे गेलो त्यावरून कळतं.

आज करण्यासाठी: उद्या सूर्योदय पाहा, गच्चीवरून का होईना. मोबाईल खाली ठेवा. आणि एका माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करा, ज्याच्याकडे तुम्ही त्याच दिवशी जाऊ शकता.

प्रार्थना: हे प्रभु, तू केलेलं आकाश आणि रान पाहायला आम्हाला डोळे दे. आमचं मागणं मोठं कर, आणि तुझं उत्तर भुकेल्या, थकलेल्या रूपात दाराशी आलं तर दार उघडायचं बळ दे. एकांतातून उठून तुझ्यामागे गावांकडे चालायला आम्हाला शिकव. येशूच्या नावाने मागतो. आमेन.