टिळकांची भजने आणि मंडळीचा सूर

धर्म बदलता येतो. परंतु बालपणापासून कानांत साठलेला सूर बदलता येतो काय? एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या ख्रिस्ती समाजापुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा होता. त्याचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. रविवारच्या उपासनेत एकत्र येऊन गाणाऱ्या मंडळींना मात्र त्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. त्यांचे शब्द त्यांच्या ओठांवरच असतात.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन कुटुंबात झाला. आई जानकीबाई यांच्या भक्तिभावाचा संस्कार त्यांच्या मनावर खोल होता. वडिलांचा स्वभाव कठोर होता. आई गेली आणि घराचा धागाही तुटला. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. पुढे नोकरीनिमित्त ते गावोगाव फिरले, आणि सत्याचा शोधही तितकाच अस्थिरपणे चालू राहिला. 1893 च्या सुमारास राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला. त्या वाचनाची परिणती 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झालेल्या बाप्तिस्म्यात झाली.

या निर्णयाची किंमत मोठी होती. आप्त दुरावले आणि पत्नी लक्ष्मीबाई जवळपास पाच वर्षे विभक्त राहिल्या. नंतर त्या पतीजवळ परतल्या, आणि 1900 साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. ज्यांनी त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ वाचले आहे, त्यांना हा काळ किती जीवघेणा होता हे सांगावयास नको.

टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यात आले, तेव्हा तेथील मंडळ्यांत मुख्यतः महार आणि मांग समाजांतून आलेली, बहुधा निरक्षर माणसे होती. मिशनऱ्यांनी इंग्रजी स्तोत्रे परिश्रमपूर्वक मराठीत आणली होती; परंतु चाल विलायतीच राहिली होती. इंग्रजी पद्याचा तोल शब्दावरील आघातावर असतो, तर मराठीचा ऱ्हस्वदीर्घांवर आणि अक्षरसंख्येवर. त्यामुळे परक्या चालीत मराठी शब्द मोडून पडे. गाणारा गाई, पण अर्थ त्याच्या मनाशी पोचत नसे. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट आधीच पाडली होती. टिळकांनी त्या वाटेचा राजमार्ग केला.

त्यांनी निवडलेले साधन साधे होते. अभंगाच्या कडव्यात सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणात यमक. एकाने म्हणावे, इतरांनी टाळाच्या ठेक्यावर झेलावे. यासाठी पुस्तक लागत नाही, पेटी लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. ज्याला शतकानुशतके ग्रंथापासून दूर ठेवले गेले, त्यालाही या गायनात पूर्ण वाटा मिळतो. सामुदायिक गायनाचे खरे बळ येथेच आहे. एकट्याचा बेसूर कंठ समूहात सामावून जातो, आणि श्रद्धा डळमळली असेल त्या दिवशी शेजाऱ्याचा आवाज माणसाला पुढे नेतो.

तुकोबांच्या आधारानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी टिळकांची भावना होती. म्हणून अभंग हा त्यांना प्रचारासाठी घेतलेला वेष वाटला नाही. ती त्यांची मातृभाषाच होती. हे सर्वांना रुचणे शक्य नव्हते. सनातन्यांच्या दृष्टीने ते बाटलेले होते. आणि ज्या ख्रिस्ती बांधवांनी जुन्या समाजाशी नाते तोडण्यासाठीच धर्म बदलला, त्यांना टाळमृदंग ही मागे सोडलेल्या जगाची खूण वाटणे अस्वाभाविक नव्हते. ही शंका हलकी लेखता येणार नाही. परंतु टिळकांची भूमिका अशी, की अन्याय सोडावयाचा असतो, भाषा नव्हे.

1917 साली त्यांनी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही तेथे स्थान होते. हा प्रयोग रुजण्यापूर्वीच, 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, ज्यांना शाळेचे शिक्षण मिळाले नव्हते.

संस्था विस्कळीत झाली, पण भजने टिकली. ‘उपासना संगीत’ या संग्रहात ती मोठ्या संख्येने आहेत. निकोल मॅक्निकल यांनी केलेल्या भाषांतरामुळे त्यांपैकी एक इंग्रजी स्तोत्रसंग्रहांतही जाऊन पोचले. म्हणजे ज्या भाषेतून स्तोत्रे उसनी आणली जात होती, तिलाच मराठीने एक स्तोत्र दिले. आजही मंडळ्यांत पाश्चात्त्य चालींची जुनी गीते आणि टिळकांची भजने शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांत विसंगती कोणास वाटत नाही. समूह तेच गीत जपतो, जे त्याला आपल्या आवाजात गाता येते. टिळकांनी आपल्या माणसांना नवी श्रद्धा सांगितली, पण तिच्यासाठी कंठ उसना घ्यावयास लावला नाही.