बर्लिनच्या कवट्या आणि इरावतीबाई

इरावती कर्वे म्हटले की बहुतेकांना ‘युगान्त’ आठवते. समाजशास्त्र शिकलेल्यांना भारतातील नातेसंबंधांवरचे त्यांचे पुस्तक आठवते, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न हमखास येतो. पण बर्लिनमध्ये मानवी कवट्या मोजून त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि ज्या प्राध्यापकाच्या हाताखाली मिळवली त्याच्याच सिद्धांताला आधार नाही असे दाखवले, हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. जात आणि रक्त यांचा जो घोळ अजून चालू आहे, त्याच्याशी या गोष्टीचा थेट संबंध आहे, म्हणून ती इथे सांगतो.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातल्या म्यिंज्यान गावी झाला. वडील तिथे नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवले आणि पुढे रँग्लर परांजपे यांच्या घरात ती वाढली. घर नास्तिक आणि पुस्तकांनी भरलेले. १९२६ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून तत्त्वज्ञानाची पदवी घेतली, मग मुंबईत डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडे १९२८ साली एम.ए. केले. प्रबंधाचा विषय चित्पावन ब्राह्मण, म्हणजे स्वतःचीच जात. लग्न झाले ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी. विधवांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना सुनेने जर्मनीला जावे हे पसंत नव्हते. सुधारकांच्या घरातही उंबरा असतोच. दिनकररावांनी मात्र बायकोची बाजू घेतली. ते स्वतः जर्मनीत रसायनशास्त्र शिकून आलेले होते.

इरावतीबाई जिथे दाखल झाल्या ती कैसर विल्हेल्म संस्था १९२७ साली बर्लिनच्या डाहलेम भागात उघडली होती. मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन हे तिचे विषय, आणि संचालक ऑयगेन फिशर. हा माणूस कोण हे नीट समजून घेतले पाहिजे. १९०८ साली तो आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात गेला. रेहोबोथ इथल्या मिश्र कुटुंबांची त्याने शरीरमापे घेतली आणि वंशांची सरमिसळ घातक असते असा निष्कर्ष काढला. याच काळात त्या वसाहतीत हेरेरो आणि नामा लोकांची कत्तल झाली होती. पुढे आणखी दोघांबरोबर त्याने आनुवंशिकतेवर एक पाठ्यपुस्तक लिहिले. लांड्सबर्गच्या तुरुंगात असताना हिटलरने ते वाचले होते.

फिशरचे म्हणणे असे की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, कारण त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, आणि म्हणूनच त्याची बुद्धी श्रेष्ठ असते. हे सिद्ध करण्यासाठी मोजमाप हवे होते. ते काम पुण्याहून आलेल्या या विद्यार्थिनीकडे आले. तिने १४९ कवट्या मोजल्या. त्यांतल्या काही जर्मनीच्या पूर्व आफ्रिकेतल्या वसाहतीतून आणलेल्या होत्या. कोणाच्या घरची माणसे होती ती, हे त्या संस्थेत कोणी विचारत नव्हते. हिशेब झाल्यावर दिसले ते एवढेच की कवटीचा असा कमी-जास्तपणा सगळ्याच माणसांत आढळतो. वंशाशी त्याचा काही संबंध लागत नाही.

सिद्धांत मार्गदर्शकाचा, संस्था त्याची, गुण देणाराही तोच. परक्या देशात, गुलाम देशातून आलेली पंचविशीची मुलगी. आकडे थोडे इकडेतिकडे केले असते तर कोणाला कळले असते? तिने जे दिसले तेच लिहिले. पदवी मिळाली, पण गुण अगदी खालच्या श्रेणीचे. १९३१ साली प्रबंध जर्मन भाषेत छापून आला.

दोनच वर्षांनी हिटलर सत्तेवर आला आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला. १९३७ साली ऱ्हाइन भागातल्या, आफ्रिकी वडील असलेल्या शेकडो मुलांची गुपचूप नसबंदी झाली. त्या मुलांची तपासणी करण्यात या संस्थेचे शास्त्रज्ञ सामील होते. फिशरनंतर आलेल्या संचालकाच्या काळात आउशवित्झच्या छळछावणीतून मेंगेलेने माणसांचे अवयव याच संस्थेकडे पाठवले. फिशरला शिक्षा कधीच झाली नाही. तो १९६७ साली म्हातारा होऊन मेला.

आता आपल्या घराकडे येऊ. आर्य वंशाची कल्पना आपल्याकडेही मुख्यतः जर्मन पंडितांच्या लिखाणातून पसरली. मॅक्स म्युलरने आर्य हा शब्द भाषेसाठी वापरायचा, रक्तासाठी नाही, असे १८८८ साली बजावले होते. पण तोवर कल्पना त्याच्या हातातून निसटली होती. टिळकांनी तिच्या आधारे आर्यांना उत्तर ध्रुवावर नेले. जोतीराव फुल्यांनी तीच कल्पना उलटी फिरवून आर्यभटांना आक्रमक ठरवले, आणि त्यांच्या काळात शूद्रातिशूद्रांना उभे राहायला त्याचा उपयोग झाला हे खरे आहे.

बाबासाहेब मात्र तिथे थांबले नाहीत. त्यांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदवले होते, जर्मन भाषा त्यांना येत होती. १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त त्यांनी लिहिले की पंजाबचा ब्राह्मण आणि पंजाबचा चांभार एकाच वंशाचे आहेत. १९४६ साली शूद्रांवरच्या ग्रंथात आर्य वंशाचा सिद्धांत नाकारला. १९४८ साली अस्पृश्यांवरच्या ग्रंथात नाकाची मापे घेऊन दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. ती मापे होती घुर्ये यांच्या पुस्तकातली, म्हणजे इरावतीबाईंच्याच गुरूंची.

आज आपल्या वस्त्यांतल्या तरुणांच्या मोबाईलवर ‘मूलनिवासी’ आणि ‘विदेशी’ डीएनएचे व्हिडिओ फिरतात. अमक्या जातीच्या रक्तात इतके टक्के परके, तमक्यांच्यात इतके टक्के आपले. पोरे ते उत्साहाने पाहतात, कारण त्यात शेवटी आपण जिंकतो. मला ते पाहून फिशर आठवतो. मोजणारा बदलला, माप तेच. वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्धांनी गवत, किडे, पशू, पक्षी यांच्यातले जातिभेद शरीरावर दिसतात, माणसामाणसांत तसे काही दिसत नाही, असे समजावून सांगितले आहे. इरावतीबाईंनी प्रबंध लिहिताना ते वाचले होते की नाही, याने फरक पडत नाही.

त्यांना डोक्यावर घेण्याचेही कारण नाही. भारतात परतल्यावर त्यांनी शरीरमापे घेणे सोडले नाही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात राहून महाराष्ट्र, कर्नाटक, ओरिसातल्या जातींची उंची, डोके, नाक मोजत त्या वर्षानुवर्षे फिरल्या. फिशरचा निष्कर्ष त्यांनी नाकारला, त्याची हत्यारे ठेवून घेतली. जात म्हणजे विस्तारलेले नातेगोते, असे त्यांनी मांडले. एकाच नावाच्या दोन कुंभार जातींचा एकमेकींशी रक्तसंबंध असेलच असे नाही, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. पण नात्यागोत्याच्या या चित्रात वेठबिगार, गावकुसाबाहेरचे घर, पाण्याला बंदी यांचे वजन फार हलके पडते. वतनाच्या नावाखाली राबवून घेणाऱ्या व्यवस्थेविरुद्ध बाबासाहेब १९४१ साली आमच्या जिल्ह्यात, कसबे तडवळ्याच्या महार-मांग वतनदार परिषदेत बोलले होते. ते दुखणे इरावतीबाईंच्या पुस्तकांत शोधावे लागते.

जिथे त्या माणसांत मिसळल्या तिथे त्यांना जास्त दिसले. पंढरीच्या वाटेवर एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे पाहून त्यांना रोज खंत वाटली आणि त्यांनी ती लिहून ठेवली. अखेरच्या वर्षांत त्यांनी आपली मुलगी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी केली. तो अहवाल १९६९ साली आला, आणि ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

पुनर्वसनाचे काम करणाऱ्या माझ्यासारख्यांना त्यांचा हा शेवटचा विषय सर्वात जवळचा वाटतो. १९९३ च्या भूकंपानंतर आमच्या उमरगा-लोहारा भागात नवी गावे वसली तेव्हा घर किती मोठे द्यायचे हे जमिनीवरून ठरले. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. सरकारी कागदावर जातीचा उल्लेख नव्हता. पण जमीन कोणाकडे होती आणि कोणाकडे नव्हती, हे जुन्या गावातल्या प्रत्येकाला माहीत होते, आणि नव्या गावात ते घरांच्या रांगांवरून दिसते. तिथे टेप लावून मोजता येते.