थॉमस क्राउडर चेंबरलिन
थॉमस क्राउडर चेंबरलिन (२५ सप्टेंबर १८४३ – १५ नोव्हेंबर १९२८) हे अमेरिकन भूवैज्ञानिक होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड खडकांत कसा साठतो व त्यामुळे हवामान कसे बदलते, याची मांडणी करणाऱ्या आरंभीच्या अभ्यासकांत त्यांची गणना होते.

जीवन
त्यांचा जन्म इलिनॉयमधील मॅटून येथे झाला. १८६६ साली ते बेलॉइट कॉलेजातून पदवीधर झाले. विस्कॉन्सिन राज्याच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणात असताना हिमनद्यांनी मागे टाकलेल्या दगडगोट्यांच्या राशी अभ्यासून, हिमावरण एकदाच नव्हे तर अनेकदा पसरले होते, असे त्यांनी दाखविले. १८८७ ते १८९२ या काळात ते विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. त्यानंतर शिकागो विद्यापीठात त्यांनी भूविज्ञान विभाग उभारला आणि १८९३ मध्ये 'जर्नल ऑफ जिऑलॉजी' हे नियतकालिक सुरू केले.

कार्बन व हिमयुगे
पृथ्वी तप्तावस्थेपासून सतत निवत आली आहे, असा तेव्हा समज होता. मग भारत, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिकेत पुराजीव महाकल्पातील हिमानी निक्षेप कसे, हा प्रश्न चेंबरलिन यांना महत्त्वाचा वाटला. याचे उत्तर त्यांनी १८९७ ते १८९९ मधील लेखांत वातावरणात शोधले. पर्वत उंचावले की अधिक खडक उघडे पडतात. त्यांच्या अपक्षयात कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो आणि हवा थंडावते. उलट समुद्र जमिनीवर पसरला की अपक्षय मंदावतो. शिवाय उथळ पाण्यात चुनखडक तयार होताना विरघळलेल्या बायकार्बोनेटातील निम्मा कार्बन खडकात अडकतो व निम्मा वायुरूपाने सुटतो. थंड सागर अधिक वायू शोषतो, म्हणून एकदा सुरू झालेली थंडी वाढत जाते, असेही त्यांनी दाखविले.

एकाच गृहीतकात संशोधक गुंतू नये, यासाठी अनेक गृहीतके एकाच वेळी तपासण्याची पद्धत त्यांनी १८९० साली सुचविली होती. ती त्यांनी स्वतःलाही लावली. या वायूच्या उष्णताशोषणाविषयीच्या आकडेमोडीवर आक्षेप आल्यावर त्यांचा विश्वास डळमळला. १९०६ मध्ये त्यांनी खोल सागरी अभिसरण उलटे होण्याची शक्यता मांडली आणि उतारवयात कार्बनच्या उपपत्तीला पूर्वीइतके वजन दिले नाही. फॉरेस्ट रे मोल्टन यांच्यासह मांडलेली ग्रहकण परिकल्पना तेव्हा अधिक गाजली; आज ती मूळ स्वरूपात मानली जात नाही. १९२७ साली त्यांना पेनरोझ पदक मिळाले.

ज्या आक्षेपांमुळे ते मागे हटले, ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत निकाली निघाले. आइसलँडमध्ये २०१२ साली पाण्यात विरघळविलेला कार्बन डायऑक्साइड बेसाल्ट खडकात सोडण्यात आला. त्याचा बहुतांश भाग दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिजांत रूपांतरित झाला. अपक्षयाने हेच काम होण्यास निसर्गात हजारो वर्षे लागतात.