क्रांतिसिंहांच्या भाषणाचे बळ

तासगाव - आवाजाची फेक, हावभाव आणि पाठांतर म्हणजे वक्तृत्व, असा सर्वसाधारण समज आहे. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे वक्तृत्व या मोजपट्टीत बसत नाही. तरीही त्यांच्या सभांना सातारा-सांगली परिसरातील खेडीच्या खेडी लोटत असत.

वाळवा तालुक्यातील येडेमच्छिंद्र हे नानांचे गाव. त्यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. तलाठ्याची नोकरी करताना त्यांनी सारा, सावकारी आणि कज्जे यांत पिचलेला शेतकरी जवळून पाहिला. १९३० मध्ये नोकरी सोडून ते कायदेभंगाच्या चळवळीत उतरले. पुढील काळात त्यांनी अनेकदा तुरुंगवास भोगला.

सत्यशोधक विचारांचा संस्कार असलेल्या नानांनी पुस्तकी भाषा जाणीवपूर्वक दूर ठेवली. स्वराज्यासारखा गहन विषय ते शेतातल्या आणि संसारातल्या दाखल्यांनी उलगडत. श्रोते खळखळून हसत आणि हसता हसता अंतर्मुख होत. त्यांची सभा केवळ टाळ्यांवर संपत नसे. दारू सोडणे, कर्ज काढून लग्न न करणे, गावचे तंटे गावातच मिटवणे, अशी काही ना काही जबाबदारी घेऊनच श्रोता घरी परतत असे.

या जागृतीचे फळ १९४२ मध्ये दिसले. तासगाव, वाळवा हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यात होते. ३ सप्टेंबर रोजी तासगावच्या मामलेदार कचेरीवर शेतकऱ्यांचा मोर्चा गेला. कचेरीवर तिरंगा फडकला आणि मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली. पुढे वडूज व इस्लामपूर येथील मोर्चांवर गोळीबार झाला. कार्यकर्ते भूमिगत झाले आणि प्रतिसरकार उभे राहिले.

नानांच्या भाषणांची खरी कसोटी याच काळात लागली. सरकारने त्यांचे घर व जमीन जप्त केली, त्यांच्यावर इनाम लावले. उघड सभा घेणे अशक्य झाले. आता बोलायचे की गप्प राहायचे, हे श्रोत्यांनी ठरवायचे होते. ज्या गावांनी त्यांना ऐकले होते, त्याच गावांनी त्यांना भाकर दिली, आसरा दिला आणि पोलिसांपुढे तोंड उघडले नाही. १९४६ पर्यंत नाना सरकारच्या हाती लागले नाहीत. वक्त्याला याहून मोठी पावती कोणती?

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. संसदेत मराठीतून भाषण करणारे पहिले खासदार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ज्यांच्यासाठी बोलायचे त्यांना कळेल असेच बोलायचे, हा त्यांचा बाणा दिल्लीतही सुटला नाही. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचे निधन झाले.

आज ध्वनिक्षेपक मोठे झाले, व्यासपीठेही उंचावली. मात्र, बोलणाऱ्याने स्वतः किती किंमत मोजली आहे, याचा हिशेब श्रोता आजही मनात करीत असतो. नानांचा हिशेब चोख होता, म्हणूनच त्यांचा शब्द चालला.