रॉय जे. प्लंकेट

रॉय जे. प्लंकेट (जन्म : न्यू कार्लाइल, ओहायो, २६ जून १९१०, मृत्यू : कॉर्पस क्रिस्टी, टेक्सास, १२ मे १९९४) हे एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ होते. १९३८ मध्ये त्यांनी पॉलिटेट्राफ्लुरोएथिलीन (पीटीएफई) या बहुवारिकाचा शोध लावला. टेफ्लॉन या व्यापारी नावाने ओळखला जाणारा हा पदार्थ नॉनस्टिक तवे व कढया यांवरील लेपामुळे जगभरातील स्वयंपाकघरांत पोहोचला. हा शोध बहुधा अपघाती म्हणून सांगितला जातो. मात्र एक बिघडलेला प्रयोग टाकून न देता त्याचे कारण शोधण्याची चिकाटी त्यामागे होती.

जन्म आणि शिक्षण

प्लंकेट यांचे महाविद्यालयीन शिक्षण इंडियाना राज्यातील मँचेस्टर कॉलेजमध्ये झाले. १९३२ मध्ये, म्हणजे जागतिक मंदीच्या ऐन काळात, ते रसायनशास्त्राचे पदवीधर झाले. या महाविद्यालयात पॉल फ्लोरी हे त्यांचे खोलीतील सोबती होते. दोघेही जून १९१० मध्ये जन्मलेले, आणि दोघेही पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात गेले. बहुवारिकांच्या सैद्धान्तिक अभ्यासासाठी फ्लोरी यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. एकाच खोलीत राहिलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाने बहुवारिकांचे शास्त्र घडवावे आणि दुसऱ्याच्या हाती सर्वांत विलक्षण बहुवारिकांपैकी एक न शोधता यावे, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

कर्बोदकांच्या ऑक्सिडीकरणावर संशोधन करून प्लंकेट यांनी १९३६ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्याच वर्षी ते ड्युपॉन्ट कंपनीच्या न्यू जर्सी राज्यातील डीपवॉटर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत रुजू झाले.

टेफ्लॉनचा शोध

त्या काळी शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड यांसारखे विषारी वायू वापरले जात. त्यांच्या जागी आलेल्या फ्रिऑन वर्गातील वायूंमध्ये भर घालण्याचे काम प्लंकेट यांच्याकडे होते. टेट्राफ्लुरोएथिलीन या वायूची हायड्रोक्लोरिक आम्लाशी अभिक्रिया करून नवे शीतक बनवावे, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी हा वायू तयार करून लहान नळकांड्यांत भरून कोरड्या बर्फात ठेवला होता.

६ एप्रिल १९३८ रोजी प्लंकेट व त्यांचे साहाय्यक जॅक रिबॉक यांनी एका नळकांड्याची झडप उघडली, पण वायू बाहेर आला नाही. झडपेत तार घालून पाहिली, तरीही काही निघाले नाही. वायू गळून गेला असावा, हा पहिला तर्क होता. परंतु नळकांडे वजन करून पाहिले असता ते रिकाम्या नळकांड्याहून जड भरले. आत काहीतरी होते, एवढे त्यावरून निश्चित झाले. नळकांडे करवतीने कापल्यावर त्यात मेणासारखी गुळगुळीत पांढरी भुकटी सापडली. वायूचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांची लांब साखळी, म्हणजे बहुवारिक, बनली होती. अशी साखळी या वायूपासून बनत नाही, असा तोपर्यंतचा समज होता.

प्लंकेट यांचे शीतकाचे काम त्या दिवसापुरते फसले होते. तरीही त्यांनी या भुकटीची रीतसर तपासणी केली. तिच्यावर आम्लांचा परिणाम होईना, ती ज्ञात द्रावकांत विरघळेना आणि बरीच तापवल्याशिवाय वितळेना. कार्बन आणि फ्लोरीन यांच्यातील बंध फार मजबूत असतो आणि साखळीतील कार्बनभोवती फ्लोरीनचे अणू आवरणासारखे असतात. त्यामुळे बाहेरच्या पदार्थाला धरायला जागाच उरत नाही. भुकटी निर्माण होण्याची परिस्थिती प्रयोगशाळेत पुन्हा साधल्यावर १ जुलै १९३९ रोजी पेटंटसाठी अर्ज झाला. ४ फेब्रुवारी १९४१ रोजी पेटंट मंजूर झाले.

या महागड्या पदार्थाला पहिला मोठा उपयोग दुसऱ्या महायुद्धात मिळाला. अणुबाँबच्या मॅनहॅटन प्रकल्पात युरेनियम हेक्झाफ्लुराइड हा अत्यंत क्षरणकारी वायू हाताळावा लागे. त्यासमोर टिकणारी सांधेबंदी व अस्तरे टेफ्लॉनची बनवली गेली. टेफ्लॉन हे नाव १९४५ मध्ये नोंदवले गेले.

पुढील कारकीर्द

शोधानंतर बहुवारिकाचा विकास कंपनीच्या इतर विभागांकडे गेला आणि प्लंकेट यांची बदली झाली. १९३९ ते १९५२ या काळात ते चेंबर्स वर्क्स या कारखान्यात मुख्य रसायनज्ञ होते. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग तेथे बनत असे. त्यानंतर ते फ्रिऑन विभागात गेले आणि १९७५ मध्ये निवृत्त झाले. ज्या पदार्थाने त्यांचे नाव झाले, त्याच्याशी त्यांचा नोकरीतील संबंध असा फार थोडा काळ राहिला.

स्वयंपाकघरातील प्रवेश

ज्याला काहीच चिकटत नाही, तो पदार्थ भांड्याला कसा चिकटवायचा? ही अडचण फ्रान्समध्ये सुटली. मार्क ग्रेगॉयर या अभियंत्याने १९५४ च्या सुमारास ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग आम्लाने खरवडून त्यावर सूक्ष्म खळगे पाडले आणि त्यांत हे बहुवारिक तापवून बसवले. मासेमारीच्या साहित्यासाठी तो हे करत होता. स्वयंपाकाची भांडी करण्याची सूचना त्याच्या पत्नीची, कोलेट हिची, असे सांगितले जाते. १९५६ मध्ये टेफाल कंपनी स्थापन झाली. त्याआधीच, १९५१ मध्ये, फिलाडेल्फिया शहराचे जॉन स्कॉट पदक प्लंकेट यांना मिळाले, तेव्हा समारंभाच्या पाहुण्यांना टेफ्लॉनचा लेप दिलेले मफिन भाजण्याचे साचे भेट दिले होते.

महाराष्ट्रात ही भांडी औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९६८ मध्ये स्थापन झालेल्या निर्लेप या कंपनीमुळे परिचित झाली. ज्या तव्याचा सारा गुण लेपात आहे त्याला निर्लेप म्हणावे, ही गंमतच.

लेपाचे गुणधर्म आणि भांड्यांची निगा

नॉनस्टिक भांड्यांच्या निगेचे बहुतेक नियम प्लंकेट यांनी पाहिलेल्या गुणधर्मांतून आणि ग्रेगॉयरच्या जोडणीतून निघतात. लेप धातूला रासायनिक बंधाने जोडलेला नसून खळग्यांत अडकलेला असतो, शिवाय तो मऊ व अतिशय पातळ असतो. म्हणून धातूचा कालथा, तारेची घासणी, काथ्या किंवा राख त्यावर वापरू नये. लाकडी वा सिलिकॉनचे उलथने आणि मऊ स्पंज पुरेसा होतो. भांडी एकात एक ठेवताना मध्ये कापड घालावे.

पीटीएफई सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, परंतु साधारण २६० अंशांपासूनच लेप खराब होऊ लागतो. ३५० अंशांच्या वर त्याचे विघटन होऊन विषारी धूर निघतो. त्या धुराने माणसाला फ्लूसारखा ताप येऊ शकतो, तर पिंजऱ्यातील पक्षी दगावतात. रिकामे भांडे मोठ्या आचेवर काही मिनिटांतच या मर्यादेपलीकडे जाते. त्यामुळे ते रिकामे तापवू नये आणि आच मध्यम ठेवावी. तापलेला तवा थेट नळाखाली धरल्यास धातू एकदम आकुंचन पावतो, बूड वाकते आणि लेप सुटू लागतो. तो आधी निवू द्यावा, मग कोमट पाणी व सौम्य साबणाने धुवावा.

बिडाच्या तव्याची सवय येथे उलटी ठरते. बिडाचा तवा तेलाचा थर बसून तयार होतो. नॉनस्टिक तव्यावर तोच थर बसला की घावन चिकटू लागते. अशा वेळी लेप गेला असे समजून तवा टाकण्याची घाई होते. पुष्कळदा दोष लेपाचा नसून जळालेल्या तेलाच्या पापुद्र्याचा असतो. पाण्यात थोडा खाण्याचा सोडा घालून काही मिनिटे मंद उकळल्यास आणि निवल्यावर मऊ स्पंजाने पुसल्यास तो बराचसा निघतो. लेपाचे पोपडे मात्र सुटू लागले असतील तर भांडे बदलावे. पोटात गेलेला कण पचत नाही, तो तसाच बाहेर पडतो. पण त्या भांड्याचे काम संपलेले असते.

आक्षेप

प्लंकेट यांच्या कारकिर्दीशी निगडित तिन्ही उत्पादनांवर पुढे गंभीर आक्षेप आले. शिशाचे पेट्रोल आरोग्याला घातक ठरून जगभर बंद झाले. फ्रिऑन वर्गातील वायू ओझोन थराचा नाश करतात असे १९७४ मध्ये मांडले गेले आणि १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्यांच्यावर निर्बंध आले. टेफ्लॉनच्या बाबतीत प्रश्न लेपाचा नव्हे, तर तो बनवताना वापरल्या जाणाऱ्या पीएफओए या रसायनाचा होता. वेस्ट व्हर्जिनियातील पार्कर्सबर्गच्या कारखान्यातून ते पिण्याच्या पाण्यात मिसळले. २००१ पासून नागरिकांनी दावे लढवले. त्यातून नेमल्या गेलेल्या शास्त्रज्ञांच्या मंडळाला पीएफओएचा मूत्रपिंड व वृषणाच्या कर्करोगासह सहा विकारांशी संभाव्य संबंध आढळला. २०१७ मध्ये सुमारे ६७ कोटी डॉलरांची तडजोड झाली आणि २०१९ मध्ये स्टॉकहोम करारात या रसायनाचा समावेश झाला. हे रसायन कारखान्यात वापरण्याचा निर्णय प्लंकेट यांचा होता असे म्हणता येत नाही. १९५१ मध्ये ते वापरात आले तेव्हा ते अन्य विभागात होते.

सन्मान आणि निधन

जॉन स्कॉट पदकाखेरीज १९७३ मध्ये प्लास्टिक उद्योगाच्या आणि १९८५ मध्ये संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान दालनात प्लंकेट यांचा समावेश झाला. १२ मे १९९४ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे त्यांचे निधन झाले.