स्पिटफायरचा शिल्पकार

दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या प्लास्टिक प्रतिकृती जोडण्याचा छंद गेल्या शतकाच्या मध्यापासून जगभर पसरला. या छंदात पाऊल टाकणाऱ्या कित्येकांच्या हाती सर्वप्रथम येणारे विमान म्हणजे ब्रिटनचे स्पिटफायर. एकास बहात्तर या प्रमाणात, म्हणजे खऱ्या विमानाचे सहा फूट प्रतिकृतीत एक इंच धरून, त्याच्या पंखांचा विस्तार जेमतेम साडेपंधरा सेंटीमीटर भरतो. पंखाचे वरचे आणि खालचे पातळ तुकडे एकमेकांवर बसवून ते धडाला चिकटवताना जोडणाऱ्याचे लक्ष त्यांच्या लंबवर्तुळाकार कडांकडे जातेच. या पंखांचे विमान ज्याच्या आरेखन-फळ्यावर आकाराला आले, तो रेजिनाल्ड मिचेल स्वतः बालपणी विमानांच्या प्रतिकृती करून उडवीत असे. मात्र आपले सर्वश्रेष्ठ विमान युद्धात उतरलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांचा जन्म २० मे १८९५ रोजी इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यातील बट लेन या गावी झाला. वडील हर्बर्ट हे शिक्षक होते. पुढे ते मुद्रण व्यवसायात शिरले. पाच भावंडांचे हे कुटुंब नंतर स्टोक-ऑन-ट्रेंटजवळ स्थायिक झाले. हा सारा प्रदेश कुंभारकामाच्या भट्ट्यांचा आणि कोळशाच्या खाणींचा. विमानाशी त्याचा दुरान्वयेही संबंध नव्हता. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १९०३ मध्ये झाले तेव्हा रेजिनाल्ड आठ वर्षांचा होता. विमानांविषयीच्या बातम्यांनी भारावलेला हा मुलगा शाळेत असतानाच त्यांच्या प्रतिकृती बनवू लागला.

वयाच्या सोळाव्या वर्षी, १९११ मध्ये, मिचेल यांनी शाळा सोडली आणि केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिने बनवणाऱ्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. तेल-काजळीने माखलेले ते काम त्यांना मुळीच रुचत नव्हते. पण धातूचा तुकडा हाताखाली कसा वागतो, याची जाण त्यांना तेथेच आली. कारखान्यातील उमेदवारी संपल्यावर त्यांना आरेखन कचेरीत जागा मिळाली. दिवसा नोकरी आणि संध्याकाळी रात्रशाळेत गणित, यंत्रशास्त्र व आरेखनाचे धडे असा त्यांचा क्रम होता. घरी त्यांनी स्वतःचा लेथही बसवला होता. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती.

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना १९१७ मध्ये साउदॅम्प्टनजवळील वूलस्टन येथील सुपरमरीन या छोट्या कंपनीत ते रुजू झाले. पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावर उतरणारी विमाने बनवणे हा या कंपनीचा व्यवसाय. पुढच्याच वर्षी त्यांनी फ्लॉरेन्स डेसन यांच्याशी विवाह केला. बालशाळेच्या मुख्याध्यापिका असलेल्या फ्लॉरेन्स वयाने त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या होत्या. १९१९ मध्ये मिचेल मुख्य आरेखक झाले आणि त्यानंतर वर्षभरात, अवघ्या पंचविशीत, मुख्य अभियंता. पुढील सोळा वर्षांत त्यांनी दोन डझन विमानांचे आराखडे केले. साउदॅम्प्टन या नावाच्या त्यांच्या चार उडत्या नौकांनी १९२७-२८ मध्ये इंग्लंडहून निघून भारतामार्गे सिंगापूर व ऑस्ट्रेलियापर्यंत मजल मारली.

मिचेल यांची खरी कसोटी लागली ती श्नायडर करंडकाच्या शर्यतींत. सागरी विमानांची ही आंतरराष्ट्रीय शर्यत म्हणजे त्या काळी देशादेशांच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. १९२२ मध्ये नेपल्स येथे त्यांचे सी लायन विमान जिंकले. त्यानंतर १९२५ मध्ये त्यांनी एस-४ हे धाडसी विमान उतरवले. त्याच्या पंखांना बाहेरून आधार देणाऱ्या तारा वा दांड्या नव्हत्या. अमेरिकेतील बाल्टिमोर येथे शर्यतीपूर्वीच ते पाण्यात कोसळले. वैमानिक हेन्री बिआर्ड सुदैवाने वाचले. मिचेल यांनी हा पराभव मुकाट्याने पचवला आणि नव्या आराखड्याला हात घातला. पुढचे एस-५ पुन्हा तारांच्या आधाराने उभे राहिले आणि १९२७ मध्ये व्हेनिसला विजयी ठरले. १९२९ मध्ये एस-६ ने बाजी मारली. १९३१ मध्ये सरकारने खर्चाला नकार दिला, तेव्हा लेडी ह्यूस्टन या धनाढ्य महिलेने एक लाख पौंड देऊन लाज राखली. त्या वर्षी प्रतिस्पर्धी देशांची विमाने आलीच नाहीत. एस-६बी ने ताशी सुमारे ५४७ किलोमीटर वेगाने फेरी पूर्ण केली आणि सलग तिसऱ्या विजयामुळे करंडक कायमचा ब्रिटनकडे राहिला. त्याच महिन्यात या प्रकारच्या विमानाने ताशी ६५५ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला.

या यशानंतर हवाई मंत्रालयाच्या मागणीवरून त्यांनी पहिले लढाऊ विमान आखले. टाइप २२४ या नावाने ओळखले जाणारे हे विमान फेब्रुवारी १९३४ मध्ये उडाले आणि सर्वांची निराशा झाली. जाडजूड, मध्ये वाकलेले पंख, न मिटणारी चाके आणि वारंवार तापणारे इंजिन यांमुळे त्याचा वेग ताशी ३६७ किलोमीटरच्या पुढे गेला नाही. मागणी दुसऱ्याच कंपनीच्या दुपंखी विमानाला मिळाली. विक्रमवीर अभियंत्याचे हे अपयश डोळ्यांत भरणारे होते.

हे विमान उडण्यापूर्वीच मिचेल यांच्या आयुष्यात दुसरे संकट आले होते. ऑगस्ट १९३३ मध्ये गुदाशयाच्या कर्करोगासाठी त्यांच्यावर मोठी शस्त्रक्रिया झाली. तीनंतर पोटावर केलेला कृत्रिम मलमार्ग त्यांना आयुष्यभर बाळगावा लागणार होता. रोग परत येण्याची शक्यता डॉक्टरांनी लपवली नव्हती. वय अडतीस, पदरी बारा वर्षांचा मुलगा. निवृत्त होऊन विश्रांती घेतली असती, तर कोणी बोल लावला नसता. मिचेल काही महिन्यांतच कामावर परतले. आपल्या व्यथेची वाच्यता त्यांनी कारखान्यात होऊ दिली नाही. इतकेच नव्हे, तर याच काळात विमान चालवण्याचे धडे घेऊन जुलै १९३४ मध्ये वैमानिकाचा परवानाही मिळवला.

टाइप २२४ मधील एकेक दोष समोर ठेवून नव्या विमानाची आखणी सुरू झाली. चाके पंखांत मिटू लागली, वैमानिकाची जागा बंदिस्त झाली आणि पुढे मर्लिन नावाने गाजलेले रोल्स-रॉइसचे नवे इंजिन निवडले गेले. डिसेंबर १९३४ मध्ये हवाई मंत्रालयाने एका नमुना विमानासाठी दहा हजार पौंड मंजूर केले. आता प्रश्न पंखांचा होता. वेगासाठी पंख शक्य तितके पातळ हवेत. पण आठ मशीनगन आणि मिटलेली चाके त्यांच्या पोटात मावली पाहिजेत. हवेचा विरोध कमी ठेवून धडाजवळ पुरेशी जागा देणारा लंबवर्तुळाकार पंख हे या कोड्याचे उत्तर ठरले. त्याच्या आखणीत कॅनडात जन्मलेले वायुगतिशास्त्रज्ञ बेव्हर्ली शेनस्टोन यांचा मोठा वाटा होता. पंखाला मुळापासून टोकापर्यंत अडीच अंशांचा हलका पीळ दिला होता. विमान आधार सोडू लागले, तर पंखाची टोके उशिरा हार मानत आणि वैमानिकाला आधी इशारा मिळे.

मिचेल यांची कार्यपद्धती सहकाऱ्यांना चांगलीच परिचित होती. आरेखन-फळ्याशी बसून ते बराच वेळ चित्राकडे टक लावून पाहत, मग पेन्सिलीने एखादी रेघ बदलत. अशा वेळी मध्येच बोलणाऱ्याची गय नसे. एरवी मात्र ते लाजाळू होते. जराशा तोतरेपणामुळे भाषणाचा प्रसंग ते टाळत.

५ मार्च १९३६ रोजी ईस्टली विमानतळावरून कॅप्टन समर्स यांनी के-५०५४ या क्रमांकाचे नमुना विमान प्रथमच उडवले. नव्या पंख्यासह त्याने ताशी ५६१ किलोमीटरचा वेग गाठला आणि ३ जूनला ३१० विमानांची मागणी नोंदवली गेली. कंपनीने निवडलेले स्पिटफायर हे नाव मिचेल यांना मुळीच आवडले नव्हते. वेगाचा शोध सुपरमरीनमध्ये किती बारकाईने चालत असे, याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. पत्र्यात सपाट बसणारे रिव्हेट महाग आणि वेळखाऊ असत. ते कोठे अत्यावश्यक आहेत हे ठरवण्यासाठी विमानभर रिव्हेटच्या जागी वाटाण्याची डाळ चिकटवण्यात आली. वेग ताशी सुमारे ३५ किलोमीटरने घटला. मग ओळीओळीने डाळ काढत प्रत्येक भागाचा परिणाम मोजला गेला. गोंद आणि डाळीच्या या प्रयोगात प्रतिकृती बनवणाऱ्या मुलाची वृत्तीच दिसते.

नमुना विमानाच्या चाचण्या पाहायला मिचेल ईस्टलीच्या धावपट्टीशेजारी आपल्या मोटारीत बसून राहत. १९३७ च्या आरंभी आजार उलटला. एप्रिल अखेरीस उपचारांच्या आशेने त्यांना व्हिएन्नाला नेण्यात आले. महिनाभरात ते परतले. ११ जून १९३७ रोजी साउदॅम्प्टनमधील राहत्या घरी, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्या दिवशी जगात स्पिटफायर एकच होते.

त्यांच्यामागे जोसेफ स्मिथ यांनी हा वारसा सांभाळला. दुहेरी वळणांचे ते पंख कारखान्यात घडवणे अवघड असल्याने उत्पादन दीर्घकाळ रखडले. ऑगस्ट १९३८ मध्ये डक्सफर्डच्या १९ व्या स्क्वाड्रनला पहिले विमान मिळाले. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशातील लढाईत संख्येने अधिक हरिकेन विमाने लढली, हे खरे. पण जर्मन लढाऊ विमानांना तोडीस तोड उत्तर दिले ते स्पिटफायरने. त्याच सप्टेंबरमध्ये वूलस्टनचा कारखाना बॉम्बवर्षावात उद्ध्वस्त झाला, तरी काम ठिकठिकाणी विखरून चालू राहिले. १९४८ पर्यंत वीस हजारांहून अधिक स्पिटफायर तयार झाली.

भारताशीही या विमानाचा संबंध आला. ब्रिटिश हवाई दलाची १५२ वी स्क्वाड्रन हैदराबादच्या, तर १२४ वी बडोद्याच्या नावाने ओळखली जाई. दोन्ही संस्थानांच्या देणग्यांची ती पोच होती आणि दोन्हींकडे स्पिटफायर होती. भारतीय हवाई दलाच्या वैमानिकांनी ती ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवली आणि १९४७ मध्ये श्रीनगरच्या रक्षणासाठीही वापरली.

१९४२ मध्ये लेस्ली हॉवर्ड यांनी मिचेल यांच्या जीवनावर चित्रपट काढला. त्यात जर्मनीतील भेटीने अस्वस्थ होऊन ते स्पिटफायरला वाहून घेतात, असे दाखवले आहे. या भेटीला आधार नाही. प्रत्यक्षातील गोष्ट कमी नाट्यमय, पण अधिक मोलाची आहे. फसलेल्या विमानातील चुका त्यांनी स्वतः मान्य केल्या आणि आयुष्य मोजके उरले असताना त्या एकेक करून निस्तरल्या.

के-५०५४ हे मूळ विमान ४ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, फार्नबरो येथे उतरताना मोडले. पुढे जाणकारांनी त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती उभारली. ती टँगमीर येथील संग्रहालयात ठेवण्यात आली. मिचेल यांनी डोळ्यांनी पाहिलेले एकमेव स्पिटफायर आता प्रतिकृतीच्याच रूपात उरले आहे. प्रतिकृती बनवता बनवता विमानांकडे वळलेल्या या अभियंत्याचे याहून साजेसे स्मारक शोधूनही सापडणार नाही. टेबलावर प्लास्टिकचे पंख जोडणारा प्रत्येक मुलगा त्यात नकळत आपली भर घालत असतो.